पहाटेचा ग्रॅमी कसा बघायचा: एका साऊंडवाल्याचा सल्ला

आधी वार समजून घ्या, निम्मी माणसं तिथंच चुकतात. ग्रॅमी म्हणजे अमेरिकेतली संगीताची सगळ्यात मोठी बक्षिसं. त्याचा सोहळा तिकडं रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडं सोमवारी सकाळी. लॉस एंजेलिसला संध्याकाळचे पाच वाजले की कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. 2024 ला तिकडं 4 फेब्रुवारी होती, 2025 ला 2 फेब्रुवारी. आपण बघितला तो 5 आणि 3 तारखेला. तेव्हा फोनवर तारीख वाचून रविवारी पहाटे उठू नका. टीव्हीवर काही नसतं आणि घरचे दिवसभर खेचतात. आणखी एक. सोहळा कधी मार्चच्या मध्यावर किंवा पुढं ढकलला, तर तिकडची घड्याळं तोवर तासानं पुढं गेलेली असतात. कोरोनात तसं झालं, 2021 ला 14 मार्च, 2022 ला थेट 3 एप्रिल आणि तेही लास वेगासला. अशा वेळी आपल्याकडं साडेपाचलाच सुरू.

कशावर दिसतो हे जानेवारीच्या शेवटी बघून ठेवा, कारण ॲप बदलत राहतं. अमेरिकेत 1973 पासून सीबीएस या चॅनेलवर असलेला हा कार्यक्रम 2027 पासून एबीसी आणि डिस्नेकडं जातोय, त्यामुळं आपल्याकडंही उलथापालथ होऊ शकते. वर्गणी आदल्या रात्री भरून ठेवा. सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी ओटीपी येत नाही, हा नियमच आहे.

मी सांगणारा कोण? माझा साऊंडचा धंदा आहे. कसबा बावड्यात गोडाऊन, एक टेम्पो, दोन पोरं हाताखाली. हळदी, लग्न, गॅदरिंग, गणपती, ऑर्केस्ट्रा, जे येईल ते. फिल्मी बक्षिसांचे सोहळे मी बघत नाही; तिथं नाचणारा नाचतो आणि गाणं मागं वाजतं. ग्रॅमी बघतो, कारण एकाच हॉलमध्ये पंधरा-वीस वेगवेगळे कलाकार आपापला बँड घेऊन लागोपाठ चढतात, आणि बहुतेक सगळं लाइव्ह. ज्यानं कधी कॉलेजच्या गॅदरिंगला तीन बँडची पाळी सांभाळली आहे, त्याला विचारा हे काय प्रकरण आहे ते. बक्षीस कुणाला मिळालं हे दुपारी पेपरवाले सांगतातच. ते काम कसं करतात ते बघायचं, म्हणून उठायचं.

पहाटे दोनचा सोहळा

टीव्हीवर साडेसहाला जे दिसतं ते हिमनगाचं टोक. 2025 ला एकूण 94 बक्षिसं होती आणि त्यातली टीव्हीवरच्या साडेतीन तासांत दिली जातात ती साधारण आठ-दहा. बाकीची सगळी आधीच, शेजारच्या थिएटरात, 'प्रीमियर सेरेमनी' नावाच्या कार्यक्रमात वाटून होतात. तो आपल्याकडं मध्यरात्री दोनच्या सुमाराला सुरू होतो आणि ही बक्षिसं देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीच्या यूट्यूब चॅनेलवर फुकट दिसतो.

आता आपल्या माणसांचं काय ते ऐका. भारतीय कलाकारांना ग्रॅमी मिळतात त्या बहुतेक ग्लोबल म्युझिक, न्यू एज असल्या विभागांत, आणि ते विभाग सगळे या रात्रीच्या कार्यक्रमात असतात. 2024 ला 'शक्ती' या बँडच्या अल्बमला बक्षीस मिळालं, शंकर महादेवन स्टेजवर जाऊन बोलले, तेव्हा कोल्हापुरात उजाडलं नव्हतं. तबल्याच्या झाकीरभाईंना, म्हणजे झाकीर हुसेन यांना, त्या एका रात्रीत तीन मिळाले, बासरीवाल्या राकेश चौरसियांना दोन. 2025 ला भारतीय वंशाच्या गायिका चंद्रिका टंडन यांना मिळालं तेही याच कार्यक्रमात. साडेसहाला टीव्ही लावून 'आपलं कोण दिसलं नाही' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, तुम्ही उठलात तोवर आपली पंगत उठली होती.

आमच्या गावात अल्लादियाखाँसाहेबांचं नाव घेताना कान पकडणारी जाणती मंडळी आहेत. देवल क्लब या आमच्या जुन्या गाण्याच्या संस्थेच्या पायरीवर ग्रॅमी म्हटलं की तोंड वाकडं करतात, 'ते धांगडधिंग्याचं बक्षीस.' त्यांना सांगायला एक गोष्ट लक्षात ठेवा: रविशंकरांना पहिलं ग्रॅमी मिळालं ते 1968 साली, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या रेकॉर्डला, आणि विभाग होता चेंबर म्युझिकचा, म्हणजे तिकडच्या शास्त्रीय संगीताचा.

रात्री दोनला बघताना हेडफोन लावा. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, हा 2000 सालचा नियम मला तोंडपाठ आहे, धंद्यानं करून घेतलाय. घरातल्या टीव्हीवर कुणी गुन्हा दाखल करणार नाही, पण शेजारच्या काकू पोलिसांपेक्षा कडक असतात. फेब्रुवारीत लग्नसराई असते, मी त्या वेळी तसाही टेम्पो रिकामा करत असतो. एका कानात हेडफोन आणि हातात केबलचं भेंडोळं. ज्याला सकाळी नोकरीवर जायचंय त्यानं दोनचा नाद सोडावा आणि यादी सकाळी वाचावी.

रेड कार्पेट? झोपा.

चार नावं आणि एक घोळ

मोठी बक्षिसं चार धरून चाला: रेकॉर्ड ऑफ द इयर, साँग ऑफ द इयर, अल्बम ऑफ द इयर आणि नवा कलाकार. निर्माता आणि गीतकारांचे दोन विभागही 2024 पासून याच रांगेत आणून बसवलेत. पहिल्या दोघांत सगळ्यांचा घोळ होतो. तो असा सोडवा. जगदीश खेबुडकरांनी लिहिलेली आणि राम कदमांनी चाल लावलेली एखादी लावणी धरा. 'साँग' मिळालं तर ते खेबुडकर आणि कदमांना. गाणाऱ्या बाईंना त्यात काही नाही. 'रेकॉर्ड' मिळालं तर गायिकेला, निर्मात्याला, आणि ज्यानं ध्वनिमुद्रण केलं, मिक्सिंग केलं, मास्टरिंग केलं त्यांना. म्हणजे पडद्यामागच्या आमच्या जातभाईंच्या हातात ग्रॅमीचा सोनेरी ग्रामोफोन येतो तो इथं. 2024 ला ही दोन वेगवेगळ्या गाण्यांना गेली: रेकॉर्ड मायली सायरसच्या गाण्याला, साँग बिली आयलिश आणि तिच्या भावानं लिहिलेल्याला. 2025 ला दोन्ही केंड्रिक लमारच्या एकाच गाण्याला.

मतं देणारे कोण, हेही ठाऊक असू द्या, म्हणजे निकालावर उगाच भांडण होत नाही. पब्लिकचं मत नाही, एसएमएस नाही, किती खपलं ते नाही. अकादमीचे सभासद मत देतात आणि ते गायक, वादक, गीतकार, निर्माते, इंजिनिअर असे धंद्यातलेच लोक असतात. माझी भाची कॉलेजला आहे, बीटीएस या कोरियन बँडची कट्टर भक्त. 2021 ला त्यांना पहिल्यांदा नामांकन होतं, त्यांनी सादरीकरणही केलं, बक्षीस मात्र दुसऱ्याला गेलं. 'मामा, जगभरात एवढी फॅन फॉलोइंग असून?' म्हणून ती दिवसभर जेवली नाही. फॅन मतदार नसतात, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. ऐकतंय कोण.

अभ्यास फार नको. नामांकनं नोव्हेंबरच्या सुमाराला येतात, मोठ्या विभागांत आठ-आठ. रेकॉर्ड ऑफ द इयरची आठ गाणी म्हणजे अर्धा तास. रविवारी संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारताना संपतात. एवढं केलं तरी सकाळी नाव पुकारल्यावर 'हे कोण बाबा' असं होत नाही.

पैजेचा कागद

एकट्यानं बघण्यात मजा नाही. तीन-चार माणसं जमवा आणि प्रत्येकाला एक कागद द्या. कागदावर दोन रकाने: 'मिळायला पाहिजे' आणि 'मिळणार'. हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर पैज लावता येत नाही, नुसतं भांडण होतं. उदाहरण म्हणजे बियॉन्से. तिच्याएवढी ग्रॅमी इतिहासात कुणाकडं नाहीत, पण अल्बम ऑफ द इयर तिला चार वेळा हुलकावणी देऊन गेला आणि पाचव्या नामांकनाला, 2025 ला, हाताला लागला. 2023 ला आमच्या कागदांवर दोन्ही रकान्यांत तिचं नाव होतं, आणि हॅरी स्टाइल्स घेऊन गेला. आमचा कीबोर्डवाला तेव्हापासून 'मिळणार' हा रकाना पेन्सिलीनं भरतो.

कागद साडेसहाच्या आत गोळा करून टीव्हीखाली ठेवायचे. नंतर खाडाखोड नाही. हरणाऱ्यानं मिसळ द्यायची.

वायर, वीज आणि आवाज

शक्यतो मोबाइलवर बघू नका. ज्या माणसानं हॉलबाहेर एवढ्या महागड्या ट्रकमध्ये बसून टीव्हीच्या आवाजाचं मिक्सिंग केलंय त्याचा तो अपमान आहे. लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला लावा, आणि टीव्हीचा आवाज एखाद्या बऱ्या स्पीकरला. स्पीकर वायरनं जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित मागं राहतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. मग चांगलं गाणाऱ्या माणसावरही 'लिप-सिंक करतोय' असा आळ येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सराऊंड', 'बेस बूस्ट' असलं काही चालू असेल तर बंद करा. बेस थोडा कमीच ठेवा, सकाळची वेळ आहे.

इन्व्हर्टर असेल तर राऊटरसुद्धा त्याच्यावर घ्या. लाईट गेली तर टीव्ही चालू राहतो आणि नेट जातं, मग काळ्या पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. आदल्या रात्री मेन स्विच पाडून एकदा तपासा. आमच्या धंद्यात याला 'चेक' म्हणतात आणि तो न करणारा माणूस दुसऱ्या वर्षी धंद्यात दिसत नाही.

गाणं चालू असताना कुठं बघायचं

इथं खरी मजा. कॅमेरा गायकाच्या तोंडावर असतो. तुम्ही त्याच्या आजूबाजूला बघा.

पहिलं, एक बँड संपून दुसरा सुरू व्हायला किती वेळ जातो. जवळजवळ जात नाही. कारण स्टेज एकच वापरत नाहीत. एका बाजूला गाणं चालू असताना दुसऱ्या बाजूला अंधारात पुढचा बँड मांडून होतो. ड्रम, अँप, कीबोर्ड आधीच चाकांच्या फळ्यांवर चढवलेले, माईक लावलेले, वायरी जोडलेल्या. फळी ढकलत आणायची, मुख्य केबलचा जुडगा खोचायचा, ब्रेक दाबायचा, लाइन तपासायची, झालं. हे बघून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडनं तशी फळी करून घेतली. लोखंडी अँगलची चौकट, वर जाड प्लाय, खाली ब्रेकवाली रबरी चाकं, कडेला केबल अडकवायला दोन हुक. ड्रमसेट आता गोडाऊनमध्येच त्यावर मांडून, माईक कसून, प्रत्येक वायरीला रंगीत टेप लावून ठेवतो. गॅदरिंगला निवेदिका दोन चारोळ्या म्हणते तेवढ्यात बँड बदलतो. पूर्वी त्याच वेळात मागच्या बाकांवरनं शिट्ट्या सुरू व्हायच्या. चाकं घेताना फक्त रबराचीच घ्या. प्लॅस्टिकची लाकडी स्टेजवर एवढी खडखडतात की निवेदिकेच्या माईकमध्ये येतात.

दुसरं, गायकाच्या कानात बघा. कानाच्या रंगाचं बटणाएवढं यंत्र असतं, त्यातनं त्याला स्वतःचा आवाज आणि ताल ऐकू येतो. गाता गाता कुणी ते एका कानातनं काढलं तर समजा, आत काहीतरी बिघडलंय किंवा त्याला हॉलचा अंदाज घ्यायचाय. पुढचे दहा सेकंद त्याचा सूर ऐका, कळेल.

तिसरं, खरं गातायत की नाही. माईक तोंडापासून लांब गेला आणि आवाज तसूभर हलला नाही, तर शंका घ्या. श्वास ऐकू येतो का बघा. 'प', 'फ'ला माईकवर वारा आपटतो का ऐका. पण एक सांगतो, मागं ट्रॅक वाजतोय म्हणजे फसवणूक नव्हे. कोरस, तंतुवाद्यं, ठेका ट्रॅकवर असतात आणि वरचा मुख्य आवाज खरा असतो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातही हेच चालतं. फसवणूक म्हणजे मिली व्हॅनिली ही जोडी. 1990 ला नव्या कलाकाराचं ग्रॅमी मिळालं, आणि रेकॉर्डवर गाणारे दुसरेच निघाल्यावर त्याच वर्षी परत घेतलं. त्याआधी एका कार्यक्रमात त्यांचा ट्रॅक अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजली होती, आणि अडकलेल्या ट्रॅकपुढं कुणाचंच काही चालत नाही, हे आम्हाला चांगलं माहीत आहे.

चौथं, चुका. जगात सगळ्यात भारी माणसं, सगळ्यात भारी सामान, तरी चुकतात. 2016 ला अडेल गात असताना पियानोतले माईक सुटून तारांवर पडले आणि कुणीतरी गिटार झटकतंय असा आवाज हॉलभर घुमला. 2017 ला मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डचा माईक सुरुवातीला चालूच नव्हता. तो शेवटी लेडी गागाच्या माईकवर जाऊन गायला. त्याच रात्री अडेलनं जॉर्ज मायकलला वाहिलेलं गाणं सूर जमत नाही म्हणून अर्ध्यात थांबवलं, माफी मागितली आणि पहिल्यापासून घेतलं. या तिन्ही क्लिपा यूट्यूबवर शोधा. माझ्याकडं नवीन पोरगा कामाला आला की आधी या दाखवतो. माईक पडला तर काय करायचं, गायक थांबला तर मिक्सरवरचा कुठला फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घ्यायचा, हे त्याला तोंडी सांगून कळत नाही. आणि हळदीत माईकनं शिट्टी मारली म्हणून पैसे कापणाऱ्या पाहुण्यांनाही दाखवायचा विचार आहे.

एक लक्षात घ्या, हॉलमध्ये बसलेल्यांना जो आवाज ऐकू येतो तो आणि तुम्हाला येतो तो एक नव्हे. टीव्हीचं गाणं बाहेर उभ्या असलेल्या गाडीत वेगळी माणसं मिक्स करतात. म्हणून तुम्हाला गायिका स्पष्ट ऐकू येत असताना पहिल्या रांगेतला कुणी कपाळाला आठ्या घालून बसलेला दिसला, तर त्याला गाणं आवडलं नाही असंच समजू नका.

भाषणं, श्रद्धांजली, चहा

भाषणात बहुतेक जण देवाचे, आईचे आणि मॅनेजरचे आभार मानतात. चहा ठेवायची हीच वेळ. फार लांबलं की मागनं वाद्यं वाजायला लागतात, म्हणजे 'उतरा आता'. सत्काराच्या कार्यक्रमात हे आपल्याकडं चालू करायला पाहिजे, पण मंडळाचे अध्यक्ष बोलत असताना कीबोर्डवर बोट ठेवायची छाती कुणाची?

श्रद्धांजलीचा भाग मात्र उभं राहून बघा. वर्षभरात गेलेल्यांचे फोटो येतात आणि कुणीतरी मोठा गायक गातो. 2025 ला झाकीरभाईंचा फोटो येणार म्हणून आम्ही सगळे सरसावून बसलो होतो. ते जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि आदल्याच वर्षी याच अकादमीनं तीन बक्षिसं दिली होती. टीव्हीवरच्या फितीत ते नव्हतेच. कीबोर्डवाल्यानं रिमोट सोफ्यावर आपटला. आई आतनं विचारायला लागली, 'कोण हरलं रे?' मी काही बोललो नाही. अशा यादीत कोण राहिलं हे अकादमीच्या वेबसाइटवर नंतर तपासता येतं, तिथली यादी मोठी असते. पण साडेतीन तासांच्या कार्यक्रमात एका फोटोला चार सेकंद लागतात, हे गणित मला अजून पटलेलं नाही.

जाहिरातींच्या वेळी कुणाला तरी गंगावेशीत दूध प्यायला जायचा मोह होतो. जाऊ देऊ नका. बावड्यातनं जाऊन यायला चार गाणी जातात आणि परत आल्यावर 'काय झालं, काय झालं' करून बाकीच्यांचीही दोन घालवतो.

संपल्यावर

अल्बम ऑफ द इयर शेवटी असतो, दहाच्या आसपास. कागद बाहेर काढा, मोजणी करा, आणि हरलेल्याला घेऊन लगेच मिसळ खायला निघा. सोमवारी सकाळी दहानंतर फार गर्दी नसते, पण उशीर केला तर कट संपतो आणि नुसता पातळ रस्सा मिळतो. भाचीसाठी दही मागा, तिखट तिला सोसत नाही, आणि हे ती स्वतः कधी सांगणार नाही.

परत आल्यावर अकादमीच्या साइटवर पूर्ण यादी उघडा आणि टीव्हीवर न दाखवलेल्या विभागांतलं एक नाव आवर्जून शोधा: 'बेस्ट इंजिनिअर्ड अल्बम, नॉन-क्लासिकल'. म्हणजे उत्तम ध्वनिमुद्रणाचा अल्बम. तो चांगल्या हेडफोनवर एकदा पूर्ण ऐका. गायकाचा आवाज कुठं ठेवलाय, ड्रमचा किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर न येता कसे बसलेत, ते नीट कान देऊन ऐका. मग तुमच्या गल्लीतला साऊंडवाला बेस फुल्ल करून ठेवतो तेव्हा त्याला नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला कळेल. सांगताना जरा गोडीत सांगा, तो आदल्या रात्री दोनला टेम्पो रिकामा करत होता.

आणि संध्याकाळी हळदीची ऑर्डर असेल, तर मिसळीवर ताक पिऊन चार वाजेपर्यंत सरळ झोपून टाका. फोन सायलेंटवर.